सरकार बदललं, आता निवेदन कोणाला?

सार्वजनिक आरोग्याच्या कामात असलेल्या वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. विचारणारं कोणी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतं, कोणी पाड्यांवर काम करणाऱ्या संस्थेत असतं, कोणी सिकलसेल असलेल्या मुलाची आई असते. म्हणणं साधारण असं : आमच्या भागातल्या आजाराचा नीट अभ्यास व्हायला हवा, त्याला पैसे हवेत. मंत्र्यांशी बोलणं झालं होतं, सचिवांनी मान डोलावली होती. मग सरकार बदललं, सचिवांची बदली झाली. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का?

प्रश्न रास्त आहे. २०१९ ते २०२४ या काळात महाराष्ट्राने तीन मुख्यमंत्री पाहिले. मुंबई महापालिका मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती होती. अशा दिवसांत कोणा एकाच्या शब्दावर विसंबलेली मागणी त्या माणसाबरोबरच जाते. म्हणून तुमची मागणी माणसाला न बांधता अर्थसंकल्पातल्या ओळीला बांधा. मंत्री जातात, लेखाशीर्ष राहतं. ती ओळ कशी शोधायची, कधी आणि कोणामार्फत हलवायची, ते इथे बघू. उदाहरण म्हणून सर्पदंश घेतला आहे. त्या जागी तुम्ही तुमचा विषय घाला.

पैसा नेमका कुठे असतो?

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयात दोन विभाग आहेत, हे अनेकांना माहीत नसतं. एक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग, दुसरा आरोग्य संशोधन विभाग. दुसरा २००७ मध्ये निघाला आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, त्याच्याखाली येते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मंत्रालयाला मिळालेल्या सुमारे ९९,८५९ कोटींपैकी संशोधन विभागाचा वाटा सुमारे ३,९०१ कोटींचा होता. शंभरातले चार रुपयेसुद्धा नाहीत. 'आरोग्याचं बजेट वाढवा' या घोषणेने संशोधनाला काही मिळेलच असं नाही, ते यामुळे. मंत्रालयाचा आकडा वाढूनही तुमची ओळ जागच्या जागी राहू शकते.

आयसीएमआरच्या संस्था आपल्याकडे बऱ्याच आहेत. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. मुंबईत प्रजनन व बाल आरोग्यावरची आणि रक्तविकारांवरची अशा दोन संस्था आहेत, आणि डहाणूला ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. तुमच्या विषयाची संस्था जवळपास असेल तर निवेदनात तिचं नाव घाला. 'नवी संस्था काढा' यापेक्षा 'आहे त्या केंद्राला या अभ्यासासाठी निधी द्या' ही मागणी अधिकाऱ्याला मान्य करायला सोपी जाते.

राज्यात खरी गोची आहे. इथे सार्वजनिक आरोग्य विभाग वेगळा आणि वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग वेगळा. मंत्री वेगळे, सचिव वेगळे. अर्थसंकल्पातल्या मागण्याही वेगळ्या : आरोग्याची 'आर-१', वैद्यकीय शिक्षणाची 'एस-१'. साप चावलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, ते आरोग्य विभागाचं. त्याच्यावर अभ्यास करू शकणारे अध्यापक शासकीय महाविद्यालयात असतात, ते वैद्यकीय शिक्षणाचं. परळची हाफकिन संस्थाही याच दुसऱ्या विभागाकडे. तुम्ही एकीकडे पत्र दिलंत की 'सदर विषय या विभागाशी संबंधित नाही' असं उत्तर येतं, दुसरीकडे दिलंत की तेच. त्यावर उपाय असा, की पत्र एकच करायचं, दोन्ही विभागांच्या सचिवांच्या नावे द्यायचं आणि कोणाकडून काय हवं ते दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहायचं. प्रत वित्त विभागाला.

तिसरी जागा जिल्ह्यात आहे आणि तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. या समितीच्या निधीत 'नावीन्यपूर्ण योजना' म्हणून काही भाग राखलेला असतो. मोठं संशोधन त्यातून होणार नाही. पण तालुक्यातल्या रुग्णांची नोंदवही, सर्वेक्षण, तपासणीचं यंत्र एवढं नक्की होऊ शकतं. आदिवासी भागात असाल तर आदिवासी उपयोजनेचा निधी वेगळा विचारा.

आधी ओळ शोधा, मग बोला

निवेदन लिहायला बसण्याआधी एक दुपार या कामाला द्या.

१. राज्याची बीम्स ही संगणक प्रणाली उघडा. कोणत्या लेखाशीर्षाला किती तरतूद झाली, किती वितरित झाली, किती खर्च झाली, हे तिथे कोणालाही दिसतं. आरोग्याचं मुख्य लेखाशीर्ष २२१० आहे, कुटुंब कल्याणाचं २२११.

२. संस्थेला मिळणारं अनुदान कोणत्या उद्दिष्टाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या प्रकाराखाली, आहे ते बघा. ३६ म्हणजे वेतनासाठीचं सहायक अनुदान, ३१ म्हणजे वेतनेतर. काही संस्थांचं अनुदान कागदावर भरघोस दिसतं आणि जवळजवळ सगळं पगारात जातं. प्रयोगशाळेच्या वाट्याला उरतं ते किरकोळ. अशा ठिकाणी 'अनुदान वाढवा' म्हणणं मोघम ठरतं. 'वेतनेतर अनुदान वाढवा' म्हणा.

३. एकाच वर्षाचे तीन आकडे शेजारी मांडा : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी असेल तर वित्त विभाग तुम्हाला तोच दाखवून परत पाठवणार. त्या परिस्थितीत जास्त पैशांची मागणी मागे ठेवा. पैसे वेळेवर सोडा आणि रिक्त पदं भरा, हे आधी मागा. फेब्रुवारीच्या अखेरीस हातात पडलेला निधी ३१ मार्चपर्यंत कोणता संशोधक खर्च करणार? रसायनांची निविदासुद्धा तेवढ्यात उघडत नाही.

एवढं करूनही आकडा सापडला नाही तर माहितीचा अधिकार आहे. राज्य शासनाकडे अर्ज करताना महाराष्ट्राचे नियम लक्षात ठेवा : एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. 'का खर्च झाला नाही' असं विचारू नका. कारणमीमांसा देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, आणि त्याच मुद्द्यावर अर्ज फेटाळला जातो. कागद मागा : वितरण आदेशाच्या प्रती, उपयोगिता प्रमाणपत्रं, समर्पित निधीचं विवरण. कारण त्यातूनच कळतं.

वेळ चुकली की वर्ष गेलं

सर्वाधिक निवेदनं फेब्रुवारी-मार्चमध्ये दिली जातात, बातम्यांत अर्थसंकल्प असतो म्हणून. तोवर आकडे ठरलेले असतात. कापणीला शेतात उतरून बियाणं मागण्यातला हा प्रकार आहे.

- ऑगस्ट ते ऑक्टोबर : कार्यालयं पुढच्या वर्षाचे अंदाज खालून वर पाठवू लागतात. तुमचा विषय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या किंवा अधिष्ठात्यांच्या प्रस्तावात याच वेळी शिरायला हवा. खालून न आलेली मागणी वरून घालणं फार अवघड.
- ऑक्टोबर ते डिसेंबर : केंद्रात सुधारित अंदाजांच्या बैठका होतात, राज्यात आठमाही सुधारित अंदाज बनतो. चालू वर्षाचे पैसे कापले जातात किंवा वाढतात ते इथे.
- नोव्हेंबर ते जानेवारी : केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या अर्थसंकल्पपूर्व बैठका. नागरिकांकडूनही सूचना मागवल्या जातात.
- १ फेब्रुवारीनंतर : केंद्राचा अर्थसंकल्प आलेला असतो. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत आरोग्यविषयक संसदीय स्थायी समिती विभागांच्या मागण्या तपासते. संशोधन विभागाचा अहवाल ती स्वतंत्र देते.
- प्रत्येक अधिवेशन : राज्यात पुरवणी मागण्या येतात. मार्चमध्ये राहिलेलं पावसाळी किंवा नागपूरच्या अधिवेशनात घालता येतं.

निवडणुकीच्या वर्षात हे वेळापत्रक मोडतं, आणि त्यात तोट्याबरोबर एक संधीही असते. अशा वर्षी आधी लेखानुदान येतं आणि पूर्ण अर्थसंकल्प नव्या सरकारबरोबर. २०२४ चं बघा. १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात आरोग्य संशोधन विभागाला ३,००१.७३ कोटी दाखवले होते. २३ जुलैच्या पूर्ण अर्थसंकल्पात ते ३,३०१.७३ कोटी झाले. मंत्रालयाच्या दुसऱ्या विभागाचा आकडा तोच राहिला. सगळी वाढ संशोधनाच्या ओळीत झाली. ती कोणाच्या सांगण्यावरून झाली, या वादात आपण पडायला नको. दोन अर्थसंकल्पांच्या मधल्या महिन्यांत आकडा हलतो, एवढं पुरे आहे. राज्यातही त्या वर्षी अंतरिम अर्थसंकल्प २७ फेब्रुवारीला आणि पूर्ण २८ जूनला मांडला गेला. तेव्हा 'निवडणुका होऊन जाऊ द्या, मग बघू' हा सल्ला ऐकू नका. निकालाच्या आठवड्यात तुमचं निवेदन तयार असायला हवं.

आचारसंहितेचं कारणही तपासून घ्या. ती नव्या घोषणा आणि नव्या मंजुऱ्यांना लागते. आधी मंजूर होऊन सुरू झालेलं काम तिच्यामुळे थांबवायचं कारण नाही. 'आचारसंहिता आहे' असं तोंडी सांगितलं गेलं तर नम्रपणे तेच लेखी मागा. बऱ्याचदा फाइल तिथून पुढे सरकते.

कोणाचं दार वाजवायचं?

अनिश्चिततेच्या काळात सगळे विधानसभेकडे बघतात. तुम्ही विधान परिषदेकडेही बघा. विधानसभा विसर्जित होते. विधान परिषद आणि राज्यसभा होत नाहीत. तिथले सदस्य सहा वर्षांसाठी असतात आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात. विधान परिषदेत पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे प्रत्येकी सात आमदार आहेत. अध्यापक, डॉक्टर, पदवीधर हे त्यांचे थेट मतदार. संशोधनाच्या प्रश्नाला एवढा जवळचा प्रतिनिधी असताना त्याच्याकडे फारच कमी लोक जातात, याचं नवल वाटतं.

आमदारांना 'आमचा प्रश्न मांडा' एवढंच सांगून थांबू नका. कोणत्या आयुधाने मांडायचा तेही सांगा :

- आकडा किंवा सद्यःस्थिती हवी असेल तर तारांकित वा अतारांकित प्रश्न. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच करून द्या, चार ओळींत.
- तातडीचं असेल, उदाहरणार्थ तालुक्यात लस संपली असेल, तर लक्षवेधी सूचना.
- विभागाच्या मागणीवर चर्चा असताना कपात सूचना. ती मांडून आमदार स्थानिक गाऱ्हाणं कामकाजात नोंदवू शकतात.
- खासदारांसाठी लोकसभेत प्रश्न किंवा नियम ३७७ खालचं निवेदन, राज्यसभेत विशेष उल्लेख. लोकसभेच्या प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

सत्ताधारी आणि विरोधी, दोन्हीकडच्या किमान एकेका सदस्याला तोच कागद द्या, आणि दोघांनाही सांगा की दुसऱ्याला दिला आहे. लपवलंत तर कळतंच. आणि स्वीय सहायकाला कमी लेखू नका. मसुदा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे अधिवेशनाच्या आदल्या रात्री त्यालाच ठाऊक असतं.

मंत्रालयात सचिव बदलतात, पण कक्ष अधिकारी आणि अवर सचिव सहसा जास्त टिकतात. टिपणी तेच लिहितात. पत्राचा आवक क्रमांक घ्या आणि पुढच्या भेटीत त्या क्रमांकाने विचारा. २००५ चा बदल्यांचे विनियमन व दिरंगाई प्रतिबंधाचा कायदा सांगतो, की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. लोक याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्याची धमकी देऊ नका. पहिल्या स्मरणपत्रात नुसता उल्लेख करा.

निवेदन एका पानाचं

नेहमी येणारं निवेदन असं असतं : 'आपल्या जिल्ह्यात सर्पदंशाची समस्या गंभीर असून याकडे शासनाने तातडीने लक्ष देऊन पुरेसा निधी उपलब्ध करून द्यावा, ही नम्र विनंती.' यावर अधिकारी काय करणार? किती, कोणाला, कोणत्या ओळीतून, हे काहीच नाही. 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा पडतो आणि कागद खाली जातो.

आता हे बघा :

*'डहाणू, तलासरी व विक्रमगड तालुक्यांतील शासकीय रुग्णालयांत सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाला लसीच्या किती कुप्या लागल्या, चाव्यापासून पहिल्या कुपीपर्यंत किती वेळ गेला व रुग्ण वाचला का, याची दोन वर्षे एकसारखी नोंद व अभ्यास व्हावा. काम डहाणू येथील ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्राच्या सहकार्याने करता येईल. अपेक्षित खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे. यातून कोणत्या केंद्रात किती साठा ठेवायचा, हा निर्णय घेता येईल. केंद्र शासनाच्या मार्च २०२४ च्या सर्पदंशविषयक कृती आराखड्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. ही मागणी त्यास धरून आहे.'*

यातली शेवटची तीन वाक्यं सर्वांत मोलाची. पहिलं अधिकाऱ्याला सांगतं की अभ्यासाचं फळ अहवालापुरतं राहणार नाही, एक निर्णय होईल. पुढची दोन मागणीला सरकारच्याच कागदाचा आधार देतात. तो आधार पक्षाच्या जाहीरनाम्यातून घेऊ नका. सरकार बदललं तरी आराखडा, धोरण, समितीचा अहवाल नोंदीवर राहतात. सिकलसेलवाल्यांनी जुलै २०२३ चं राष्ट्रीय अभियान धरावं. राज्याच्या एकूण खर्चाबद्दल बोलायचं असेल तर २०१७ चं राष्ट्रीय आरोग्य धोरण धरा : राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पातला आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा, असं त्यात लिहिलेलं आहे.

'संशोधनाने काय होतं?' असं कोणी विचारलं तर परदेशातली उदाहरणं देत बसू नका. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, शेजारच्या गावांशी तुलना करून बालमृत्यू किती घटले ते मोजलं आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाची तपासणी हे देशभरातल्या आशांचं काम झालं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्रॅझोसिनचा उपयोग दाखवला तो ग्रामीण प्रॅक्टिस करता करता. आमदारांना ही नावं माहीत असतात, त्यामुळे वेगळं पटवावं लागत नाही.

बोलायचा हक्क कोणाला, किती?

*शासकीय नोकरीत असाल तर* राज्याचे १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत; केंद्राच्या संस्थांत १९६४ चे. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. पण प्रस्ताव योग्य मार्गाने वर पाठवणं हे तुमचं कामच आहे. शोधनिबंधातला निष्कर्ष ही टीका होत नाही, आणि निव्वळ वैज्ञानिक लिखाणाला केंद्रीय नियमांत पूर्वपरवानगीची अट नाही. सुरक्षित वाटणी अशी : आकडे तुम्ही प्रसिद्ध करा, मागणी रुग्णांची संघटना करू दे.

*संस्था चालवत असाल तर* धोरणाबद्दल बोलायला बंदी नाही. पक्षाचा प्रचार करायला आहे. परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांना जास्त धास्ती असते. परदेशी देणग्यांबाबतच्या २०१० च्या कायद्यानुसार राजकीय स्वरूपाच्या संघटनेला असा निधी घेता येत नाही. मात्र पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने लोकांच्या प्रश्नावरच्या आंदोलनाला पाठिंबा दिला, एवढ्यावरून तिला तसं ठरवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला मनाई आली, ती मात्र कडक पाळा.

*रुग्ण, पालक, विद्यार्थी* यांच्यावर असलं काही बंधन नाही. निवेदनावर पहिली सही त्यांची असू द्या.

इथे पाय घसरतो

- परदेशी निधीवर सगळा भार. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तिथल्या विद्यापीठांमार्फत परदेशी संस्थांना मिळणारी नवी उप-अनुदानं थांबवली. असा निधी असेल तर जोडीला देशातला एक स्रोत आत्ताच शोधा. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही चालतो. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक विद्यापीठं आणि आयसीएमआर यांना संशोधनासाठी दिलेलं योगदान बसतं.
- फुगवलेले आकडे. एक आकडा खोटा निघाला की उरलेले खरे आकडेही कोणी वाचत नाही.
- रुग्णाचा फोटो. लेखी संमतीशिवाय निवेदनाला जोडू नका. एचआयव्ही, क्षयरोग, मानसिक आजार यांत तर संमती असली तरी टाळा.
- घोषणेवर समाधान. सभागृहातलं आश्वासन, त्यानंतर प्रशासकीय मान्यता, शासन निर्णय आणि शेवटी निधी वितरणाचा आदेश, इतके टप्पे असतात. शेवटचा कागद हातात येईपर्यंत सत्कार ठेवू नका. आश्वासन पाळलं गेलं नाही तर ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीच्या नजरेस आणून द्यायला तुमच्या आमदारांना सांगा.

आणि पैसे मिळालेच तर

पहिल्या दिवसापासून हिशेब वेगळा ठेवा. उपयोगिता प्रमाणपत्र थकलं की पुढचा हप्ता अडतो, आणि पुढच्या वर्षीच्या मागणीवर 'मागील निधी अखर्चित' असा शेरा येतो. खरेदीला उशीर होणार असं दिसलं तर डिसेंबरच्या आतच मुदतवाढीचं पत्र द्या, मार्चची वाट बघू नका. सहा महिन्यांनी दोन पानी मराठी टिपण करा : काय मोजलं, काय आढळलं, पुढे काय लागेल. ते निवेदनावर सह्या करणाऱ्यांना, दोन्ही बाजूंच्या आमदारांना आणि त्या कक्ष अधिकाऱ्याला पाठवा. पुढच्या ऑगस्टमध्ये अंदाज मागवले जातील तेव्हा हेच टिपण प्रस्तावाला जोडायचं आहे.